‘औषधं चालू आहेत का?’ हा प्रश्न मी सोडून दिला

ऑप्टोमेट्रीच्या, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढण्याच्या शिक्षणाच्या, इंटर्नशिपमध्ये आम्हाला ४० पेशंटच्या पूर्ण केस हिस्ट्री घेऊन प्रत्येकीवर आमचं काम तपासणाऱ्या मॅडमची सही आणायची होती. त्यातल्या ३९ कशा पार पडल्या ते आज विचारलंत तर धड सांगता येणार नाही. एक मात्र तीन वेळा परत आली. तिच्यावर सही मिळायला जवळजवळ तीन आठवडे गेले. ज्या चौकटीपायी हे झालं तिचा राग अजून मनातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले.

ती चौकट फॉर्मच्या दुसऱ्या पानावर, अगदी तळाला होती. ‘सध्या चालू औषधे : आहेत / नाहीत’. पुढे बोटभर कोरी जागा.

पेशंट होत्या पन्नाशी ओलांडलेल्या एक काकू. जवळचं दिसत नाही, सुईत दोरा जात नाही, ही तक्रार. इतकी सरळ तक्रार की माझं पेन थांबलंच नाही. दोन्ही डोळ्यांनी सारखंच, हळूहळू वाढलेलं, दुखत नाही, लाल होत नाही, शेवटचा चष्मा चार वर्षांपूर्वीचा. मग मी फॉर्मवरचे शब्द वाचून दाखवायला लागले. शुगर? नाही. बीपी? नाही. डोळ्याला कधी मार, ऑपरेशन? नाही. औषधं चालू आहेत का काही? “नाही गं बाळा.” मी ‘नाहीत’ला गोल केला. नंबर काढला, जवळचा नंबर पाऊणने वाढला होता. ट्रायल फ्रेममध्ये काचा घातल्यावर काकूंनी सगळ्यात बारीक ओळ घडाघडा वाचली. त्या खूश, मीही खूश.

मॅडमनी फॉर्मवरून नजर फिरवली, खुर्ची काकूंच्या समोर ओढली आणि विचारलं, “काकू, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत कुठली कुठली गोळी घेता?”

“दोन घेते की. एक सकाळी, एक रात्री. पण त्या सांध्यांच्या आहेत, डोळ्यांच्या नाहीत.”

त्यांनी पर्स उघडली. रुमालाच्या घडीतून गोळ्यांच्या पाकिटाचा एक तुकडा निघाला. कात्रीने कापलेला, चार गोळ्या उरलेल्या. मागच्या चंदेरी कागदावर नावाचं शेपूट तेवढं शिल्लक होतं, ‘क्लोरोक्वीन’, आणि खाली २००. नावाचा पुढचा भाग आधीच्या तुकड्याबरोबर केराच्या टोपलीत गेला असणार.

ती हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन होती. सांध्यांच्या आमवातासाठी आणि ल्युपस नावाच्या आजारासाठी ही गोळी वर्षानुवर्षं देतात, आणि चांगलं औषध आहे, कुणी हे वाचून घाबरून बंद करू नये. पण दीर्घकाळ घेतली तर काही जणांच्या रेटिनावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, त्यातही मधोमधच्या मॅक्युलाच्या आसपास, तिचा परिणाम होतो. सुरुवातीला पेशंटला काहीच जाणवत नाही. जाणवायला लागतं तेव्हा नुकसान बरंच झालेलं असतं, ते भरून येत नाही, आणि कधी कधी गोळी बंद केल्यावरही वाढतं. म्हणून गोळी सुरू झाल्यावर पहिल्या वर्षात एकदा रेटिना बघून ठेवायचा, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी ओसीटी (रेटिनाच्या थरांचा स्कॅन) आणि फील्ड (नजरेच्या आवाक्याची तपासणी) करायचं. किडनीचा त्रास किंवा डोस जास्त असेल तर पाच वर्षं थांबायचंही नाही. हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत यावर सबंध पानभर उत्तर लिहिलं होतं. समोर पेशंट बसलेली असताना मात्र मी ‘नाहीत’ला गोल केला आणि पान उलटलं.

फॉर्म परत आला. आता कोणालाही वाटेल की ‘नाहीत’ खोडून ‘आहेत’ करायचं, दोन शब्द लिहायचे, संपलं. तसं नव्हतं. रेकॉर्डच्या खिडकीवर खाडाखोड केलेला फॉर्म घेत नसत. नवा कोरा फॉर्म आणायचा, दोन्ही पानं पहिल्यापासून उतरवायची, शिक्का मारून घ्यायचा, मग मॅडमच्या टेबलावर ठेवायचा. ठेवल्यावर त्यांच्या ओपीडीच्या दिवसाची वाट बघायची. मी ते केलं. बोटभर जागेत गोळीचं नाव कोंबलं.

दुसऱ्यांदा परत आला. शेरा होता, ‘किती? कधीपासून? वजन?’

बरोबरच होतं ते. या गोळीची मर्यादा रोज दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम अशी धरतात, त्यामुळे वजनाशिवाय डोस लिहून काहीच कळत नाही. काकू चार दिवसांनी डोळ्यांत थेंब घालून तपासायला आल्या तेव्हा मी त्यांना आधी वजनकाट्यावर उभं केलं. ६२ किलो. म्हणजे ३१० मिलिग्रॅमपर्यंत ठीक, आणि त्या घेत होत्या दोनशेच्या दोन, ४००. हा गुणाकार मी हाताने कागदावर केला आणि दोनदा तपासला, कारण आकडा बघून पोटात गोळा आला होता.

‘कधीपासून’ला आणखी वेळ लागला. “झाली की बरीच वर्षं,” एवढंच उत्तर. साल विचारलं की माणसं अंदाज ठोकतात, हे मला तोवर कळलं होतं. म्हणून विचारलं, ही गोळी सुरू झाली तेव्हा घरात काय चाललं होतं? त्या लगेच म्हणाल्या, धाकटी दहावीत होती, तिच्या परीक्षेच्या वेळी माझी बोटं वळत नव्हती. धाकटीला आता नोकरीला लागून वर्ष झालेलं. हिशेब सात वर्षांच्या आसपास गेला. या सात वर्षांत ‘डोळे तपासून घ्या’ असं त्यांना कुणी सांगितलं असेल तर त्यांना ते आठवत नव्हतं. चार वर्षांपूर्वी चष्मा केला तेव्हाही कुणी तरी त्यांना विचारलंच असणार की औषधं चालू आहेत का, आणि त्यांनी ‘नाही’च म्हटलं असणार.

पुन्हा नवा फॉर्म, पुन्हा दोन पानं, पुन्हा शिक्का.

तिसऱ्यांदा परत आला तो किडनीसाठी. हे औषध बरंचसं किडनीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे किडनी कमजोर असेल तर धोका वाढतो. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तरीही वाढतो. दोन्ही विचारायला हवं होतं. फॉर्मवर त्यासाठी ओळ नव्हती आणि मी ओळीच्या बाहेर जाऊन विचारलं नव्हतं. काकूंना फोन करून रक्ताचे जुने रिपोर्ट मागवावे लागले. त्या न कुरकुरता आल्या, याची मला फार लाज वाटली. त्यांनी एकदाच विचारलं, “डोळे दाखवायला आले, तर तू सांध्यांचं आणि किडनीचं कशाला विचारतेस गं?” रास्त प्रश्न होता. तेव्हापासून मी औषधांकडे वळताना आधी एक वाक्य बोलते: “शरीराच्या दुसऱ्या दुखण्याच्या गोळ्यांचा डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून सगळ्याच विचारते.” एवढं ऐकलं की माणसं पिशवी उघडतात.

ओसीटी आणि फील्ड दोन्ही चांगले आले. तो रिपोर्ट हातात घेतल्यावर मला रडू आलं, ते मी कोणाला दाखवलं नाही. गोळी कमी करायची की नाही हे ठरवणं आमचं काम नाही. मॅडमनी वजन, डोस आणि रिपोर्ट लिहून त्यांच्या सांध्यांच्या डॉक्टरांना पत्र दिलं, त्यांनी डोस कमी केला. चौथा फॉर्म सही होऊन आला.

काकू खोटं बोलल्या नव्हत्या, हे मला इथे ठासून सांगायचं आहे. ताप आला, खोकला झाला, की जे पाच दिवस घेतो त्याला त्या औषध म्हणतात. सात वर्षं रोज घेतलेली गोळी दात घासण्यासारखी अंगवळणी पडते, ती कोण मोजतं? आणि फॉर्मने त्यांना ‘आहेत’ की ‘नाहीत’ यापलीकडे जागाच ठेवली नव्हती.

त्या दिवसापासून मी वेगवेगळ्या नावांनी विचारते. गोळ्या, थेंब, पंप, मलम, इंजेक्शन. प्रत्येक शब्द स्वतंत्र उच्चारायचा. दम्याचा पंप घेणारा माणूस स्वतःहून तो सांगत नाही, पण काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब द्यायचे झाले तर दमा आहे हे माहीत असायलाच हवं, त्या थेंबांनी दमा उसळू शकतो. चेहऱ्याचं मलम कुणालाच औषध वाटत नाही. त्यात स्टेरॉइड असेल आणि ते पापण्यांच्या आसपास महिनोन्‌महिने लागत असेल तर डोळ्यातलं प्रेशर वाढू शकतं, मोतीबिंदू होऊ शकतो. डोळे लाल झाले की घरातल्या दुसऱ्याच्या बाटलीतले थेंब घालणारे तर मला दर आठवड्याला भेटतात. त्यांना “कुणाच्या बाटलीतले?” असंच विचारते. वयस्कर काकांना लघवीची गोळी विचारताना आवाज जरा खाली आणायचा, सोबत सून असेल तर तिला दोन मिनिटं बाहेर बसवायचं. लघवी मोकळी होण्यासाठी देतात ती टॅमसुलोसिन घेणाऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बाहुली नीट मोठी राहत नाही, बुबुळाचा पडदा सैल पडून फडफडतो. हे २००५ मध्ये पहिल्यांदा मांडलं गेलं, आणि गोळी बंद करून बराच काळ झाला तरी असं होऊ शकतं. म्हणून ‘आधी कधी घेतली होती का’ हेही विचारायचं. क्षयरोगाच्या उपचारातलं एथॅम्ब्युटॉल नजरेच्या नसेवर जाऊ शकतं, रंग फिके वाटतात का ते विचारा. मायग्रेनसाठी टोपिरामेट नुकतंच सुरू केलेल्या तरुण मुलीला अचानक लांबचं दिसेनासं झालं तर आधी चष्मा देऊ नका. डोळ्यातलं पाणी जिथून बाहेर जातं तो कोन बंद होत असू शकतो.

बाकीची हिस्ट्री खरं तर सोपी असते. जे जे आठवतंय ते लिहिते.

घरात कुणाला डोळ्यांचा आजार होता का, असं विचारलं की उत्तर येतं, “आईला बिंदू होता.” हा बिंदू मोतीबिंदू की काचबिंदू, हे बहुतेकांना माहीत नसतं, आणि आपल्याला तर नेमकं तेच हवं असतं. मी विचारते, ऑपरेशननंतर आईला छान दिसायला लागलं, की शेवटपर्यंत थेंब घालत होत्या आणि नजर कमीच होत गेली? दुसरं उत्तर आलं की काचबिंदू धरून पुढची तपासणी करायची. भावाबहिणींचंही विचारायचं, आईवडिलांवर थांबायचं नाही.

‘डोळ्यापुढे अंधारी येते’ याचे निदान तीन अर्थ आहेत. कुणाला चक्कर येते, कुणाची नजर एकदम काही मिनिटं जाते आणि परत येते, कुणाला नुसतंच अंधुक दिसतं. मधला अर्थ असेल तर नंबर काढत बसू नका. त्याच दिवशी वरिष्ठांना दाखवा.

दोन-दोन दिसतं म्हणणाऱ्याला एक डोळा झाकायला सांगा. झाकल्यावर एकच दिसलं तर प्रश्न डोळ्यांच्या जुळणीचा आहे. एका डोळ्यानेही दोन दिसत असतील तर बहुधा मोतीबिंदू, कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) किंवा नंबर. दहा सेकंदांचं काम, पण ते हिस्ट्री घेतानाच करायचं.

लहान मुलांच्या आईला ‘प्रीमॅच्युअर होतं का’ विचारू नका. पूर्ण दिवसांचं झालं का, वजन किती होतं, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, असं विचारा. आणि मुलाशीही बोला. फळ्यावरचं दिसतं का, याचं उत्तर आईला माहीत नसतं.

हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं: तक्रार पेशंटच्या शब्दांत लिहा. पहिलं मिनिटभर मध्ये बोलू नका, मान वर ठेवा, पेन नंतर चालवा. ‘वीज चमकल्यासारखं होतं, माशा उडतात, एका बाजूने पडदा आल्यासारखा वाटतो’ हे ऐकूनही मी एकदा फक्त ‘अंधुक दृष्टी’ असं लिहून मोकळी झाले असते, शेजारच्या सीनियरने ऐकलं म्हणून त्या माणसाचा रेटिना त्याच दिवशी तपासला गेला.

आणि ‘अजून काही आहे का?’ ला हमखास ‘नाही’ येतं. ‘अजून काय होतं?’ विचारा, माणसं विचार करायला लागतात.

त्या चौकटीबद्दल मी विभागात लेखी अर्ज दिला आहे. ‘आहेत / नाहीत’ काढून तिथे पाच ओळी द्या: गोळ्या, थेंब, पंप, मलम, इंजेक्शन. प्रत्येकीपुढे किती आणि कधीपासून. खाली वजनाला एक रकाना. फॉर्मचा जुना गठ्ठा संपल्यावर बघू, असं उत्तर मिळालंय. तोवर मी प्रत्येक कोऱ्या फॉर्मच्या डाव्या समासात हे पाच शब्द हाताने लिहिते, आणि माझ्या टेबलावर शिकायला येणाऱ्या मुलामुलींकडूनही लिहून घेते.