मळ्यातल्या पायऱ्या आणि आजीची कळशी

ह्या गणेशचवथीला आम्ही सगळे मळ्यातल्या घरी जमलो होतो, म्हणजे पणजीतला मळा, आल्तिनोच्या उतारावरचा, मारुतीच्या देवळाखालचा. जेवणं झाली, नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, डबा मधे ठेवला आणि गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली बसून म्हाताऱ्या मंडळींनी जुन्या गोष्टी काढल्या, मी गुपचूप मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं.

मला वाटलं होतं मारुतीच्या जत्रेबद्दल नाहीतर ६१च्या डिसेंबरबद्दल, गोवा मुक्तीबद्दल बोलतील, ते झालंच, पण फिरून फिरून सगळे पाण्यावरच यायचे. आल्तिनोची टेकडी चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, पावसाळ्यात पाणी आत मुरतं आणि मग पायथ्याला झरीतून येत राहतं, आमच्या बाजूला फोंत फेनिक्स आणि पलीकडे बोक द व्हाक. शेजारच्या फोंतेन्हास ह्या जुन्या वस्तीचं नावही त्यातूनच आलंय, पोर्तुगीजमध्ये फोंत म्हणजे झर. १८४३ साली पणजी राजधानी झाली, वर बंगले झाले, बिशपचा पॅलेस झाला, पण आमच्या घरातल्या बायकांना टेकडी ठाऊक होती ती डोक्यावरच्या वजनाने.

ओपाच्या जलप्रकल्पाचं नळाचं पाणी घरात यायच्या आधी आजी पहाटे फेनिक्सवर जायची, चुंबळीवर तांब्याची कळशी घेऊन चढ चढायची. ती कळशी अजून आहे, काठाखाली मुठीएवढा पोचा आहे तिला. श्रावणात शेवाळावरून आजीचा पाय घसरला आणि कळशी ठणठण करत पायऱ्यांवरून खाली गेली, तेव्हा खालच्या घरातली ख्रिस्ती शेजारीण पीठ मळता मळता तशीच बाहेर धावली आणि तिने आधी कळशी अडवली, मग वर येऊन आजीला उठवलं. आजी म्हणते, "बरोबर केलं गो तिने, माणूस उठतं, नवी कळशी कोण देणार होतं?" त्या दिवसापासून दोघी पाण्याला बरोबरच जायला लागल्या आणि ते शेवटपर्यंत चाललं. चवथीला अजून त्यांच्याकडे नेवऱ्या जातात, नाताळात त्यांच्याकडून दोदोल ही मिठाई येते.

आता फोंतेन्हासच्या रंगीत भिंतींपुढे दिवसभर फोटो काढणारे असतात, मला त्याचं वाईट वाटत नाही, पण पाच मिनिटं पुढे झरीपर्यंत कुणीतरी यावं असं फार वाटतं.

तर त्या शेजारणीची मुलगी, आता सत्तरीची, तीही बसलेली. ती म्हणाली कळशी पाचव्या पायरीवर अडवली, आजी म्हणे छे, सातव्या. वाद मिटेना तेव्हा दोघी एकमेकींचा हात धरून बाहेर मोजायला गेल्या, मी मागोमाग. एक, दोन, तीन, चार मोजल्या. चौथीच्या खाली आता बाईक चढवायला केलेला काँक्रीटचा उतार आहे.