तरडगाव ते फलटण, एकेक अभंग

पहिला कर्णा होईपर्यंत वळकटी ट्रकमध्ये पडलेली असते. दुसऱ्या कर्ण्याला आपापल्या रांगेत उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी हलते. कर्णा कुणासाठी थांबत नाही, आणि मागे राहिलेल्यावर रागावतही नाही. वारीतली मला पहिल्यांदा आवडलेली गोष्ट हीच.

मी नर्स आहे. सकाळ, दुपार, रात्र अशा ड्यूट्या फिरत राहतात, त्यामुळे माझ्या दिवसाला ठरलेली सुरुवात नसते. चालणं, प्राणायाम, संध्याकाळचा दिवा, जे जे मी घड्याळाला बांधलं ते ड्यूटी बदलली की सुटलं. पेशंटना मात्र रोज सांगायचं, गोळी ठरल्या वेळेला घ्या, खंड पडू देऊ नका. नेम अंगात मुरतो तरी कसा, हे मला जवळून बघायचं होतं. माउलींसोबत चालायचंही होतं, लहानपणापासून. मावशीच्या गावची दिंडी रथामागे चालते. तिनं माझी भिशी, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाण्याचे पैसे, भरली, इकडे रजा मंजूर झाली, आणि मी आळंदीला पोचले.

प्रस्थान गर्दीत दिसलं नाही, ऐकू आलं. पुण्याचे दोन मुक्काम पावसात गेले. दिवे घाट एकादशीला आला. तीस-बत्तीस किलोमीटरची मजल आणि पोटात राजगिऱ्याचा लाडू नि मूठभर शेंगदाणे. सासवडला पोचल्यावर पाठ टेकली ती मावशीनं काकड्याला हलवेपर्यंत.

चालायला लागलं की कळतं, सगळं आधीच ठरलेलं असतं. पुढे पताका, मग तुळशी-हंडेवाल्या, मग टाळकरी, मृदंग, आणि त्यांच्यात विणेकरी. चौघांची रांग. रांग तोडून आडवं जायचं नाही, न सांगता बाहेर पडायचं नाही. सकाळचे अभंग सकाळी, वाराचे त्या वारी, हरिपाठ संध्याकाळी. आज काय म्हणू या, असा प्रश्नच येत नाही. मला या गोष्टीनं इतकं हलकं वाटलं की पहिल्या काही दिवसांत मी त्यापलीकडे फारसा विचारच केला नाही. आणि वीणा. तो जमिनीला टेकवायचा नाही. विणेकरी थकला की दुसरा पुढे होतो, पाया पडतो, वीणा स्वतःच्या गळ्यात घेतो, आणि पहिला मागच्या रांगेत टाळ वाजवायला लागतो. आमच्याकडे ड्यूटी बदलताना पेशंट असाच हातात देतात. कोण थकलं, कोणाचा मूड कसा, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

चिडचिडही रोजची होती. पहाटे तीनला टँकरच्या नळाखाली, बायकांनी धरलेल्या दोन लुगड्यांच्या आडोशाला अंघोळ. शौचालयाची रांग. रस्त्याकडेला केळीच्या साली आणि पाण्याच्या बाटल्यांचा खच, त्यावरून घसरणाऱ्या म्हाताऱ्या. धावत्या टेम्पोतून बिस्किटाचे पुडे फेकणारे लोक. अन्नदान हातात द्यायचं असतं, अंगावर फेकायचं नसतं. माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ अभंग चालू असताना फोनवर कांद्याचा भाव विचारायचे. मी मावशीला म्हटलं, दिंडीच्या महाराजांना सांग. ती म्हणाली, "तू तुझा टाळ बघ." मला राग आला. पण पुढचा अभंग सुरू झाला होता, राग धरायलाही सवड नव्हती.

जेजुरी, वाल्हे, नीरेचं स्नान, लोणंद हे दिवस माझ्या मनात एकमेकांत मिसळलेत. स्पष्ट आठवते ती समाजआरती. तळावर पालखी मधोमध, चहूबाजूंनी दिंड्या, हजारो टाळ एकदम. चोपदार चोप उंचावतात आणि आवाज तुटतो. कुणाची तक्रार असेल तर तेवढ्याच दिंडीचे टाळ वाजत राहतात. तिचं ऐकून घेतात, मग तीही थांबते. त्या शांततेत हरवल्या-सापडल्याची यादी वाचतात, एक पिशवी, चष्मा, कुणाची तरी आई. मग उद्या निघायची वेळ, आणि आरती. सोहळ्याला ही घडी घालून देणारे हैबतबाबा आरफळकर शिंदे सरकारांच्या पदरी होते. फौजेची शिस्त इथे आली असं म्हणतात. पण फौजेत हुकूम मोडला तर शिक्षा असते. इथे गप्प बसायला लावणारं काय आहे, ते मी रोज शोधत होते. वाजत राहणाऱ्या त्या एका दिंडीचं सगळे ऐकून घेतात, त्यात त्याचं निम्मं उत्तर असावं.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. मला अश्वाचे कान दिसले.

तरडगाव ते फलटण एकवीसेक किलोमीटर. लोणंदपासून बूट ओलेच होते, तसेच घालावे लागत होते. ओलसर मोज्यात टाच घासत राहिली आणि सुरवडी मागे पडेपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले. उजव्या अंगठ्याखाली तिसरा. निंभोऱ्याच्या अलीकडे पाऊल टेकलं की डोळ्यांपुढे पांढरं व्हायला लागलं. रांगेतल्या बाईला सांगून मी बाहेर पडले आणि एका बाभळीखाली बसले. ऊन उघडलं होतं. पावसानंतरचं ते चिकट, डोक्यात जाणारं ऊन. आमची पताका पुढे गेली, मग दुसरीची, मग कुठलीच ओळखीची उरली नाही. मला त्या क्षणी विठ्ठल नको होता, माझी खोली आणि पंखा हवा होता.

"काहून बसली गं माय?"

साठी उलटलेली बाई. डोक्यावर बोचकं, हातात काठी, पायात झिजलेल्या स्लिपर. हिंगोलीकडची.

"पाय सोलवटलेत, आजी. मागून टेम्पो येईल, त्यात बसेन."

"आला तर बस. न्हाई येईस्तोवर चाल."

ती माझ्यापाशीच टेकली. कमरेच्या पिशवीतून सुई काढली, हळद लावलेला दोरा ओवला आणि माझी टाच मांडीवर ओढायला लागली. फोडातून दोरा काढून तो आतच ठेवायचा, पाणी झिरपून जातं, ही जुनी रीत. मी पाय मागे घेतला आणि जरा जोरातच म्हटलं, "नको, त्यानं आत जंतू जातात." इतक्या दमणुकीत मला कुणाला समजावत बसायचं नव्हतं. तिनं वाईट वाटून घेतलं नाही. सुई परत पिशवीत खोचली आणि मी काय करते ते बघत बसली. मी स्पिरिटनं पुसलं, पाकिटातल्या निर्जंतुक सुईनं कडेला बारीक छिद्र पाडलं, वरची कातडी तशीच ठेवून पाणी दाबून काढलं, गॉज लावला, चिकटपट्टी ओढली. कोरडे मोजे चढवले.

"झालं ना? ऊठ मंग. माझा हरिपाठ व्हायचाय. घसा बसलाय, एकटीनं निभत न्हाई. तू मागं म्हन."

मी उठले. नाही म्हणायला शब्द नव्हते म्हणून उठले.

तिची पद्धत साधी होती. एक अभंग चालता चालता म्हणायचा. संपला की उभं राहायचं, दोन श्वास, मग पुढचा. मध्ये बोलायचं नाही. सत्तावीस अभंग. किती किलोमीटर राहिले हे तिला माहीत नव्हतं आणि विचारायचंही नव्हतं. पहिल्या दोन अभंगांना मी रडत होते, दुखण्यानंच. तिसऱ्याला तिनं माझी पिशवी न विचारता आपल्या खांद्याला अडकवली. मी ओढली तर हात झटकला, अभंग चालूच. पाचव्या-सहाव्यापाशी कधीतरी पायातलं ठणकणं आणि धृपद एका ठेक्यात आलं. दुखणं कमी झालं नव्हतं, पण त्याच्याशी माझं भांडण थांबलं होतं.

मग रस्त्याकडेच्या एका स्वागत मंडपाचे भोंगे आले. आवाज इतका की बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. आजी अभंगाच्या मध्यावर थांबली, बोट वर धरलं, आणि तसं बोट धरूनच मंडप ओलांडला. पलीकडे गेल्यावर मी तो अभंग पहिल्यापासून सुरू केला. तिनं मान हलवली.

"पयल्यापासून कशाला? मोडलं तिथून धर. दर वेळी पयल्यापासून धरनारा शेवटाला कधी पोचायचा?"

नवव्या की दहाव्या अभंगानंतर मी नियम मोडून विचारलं, "आजी, तुमचा कधी चुकत नाही?"

तिनं दोन श्वास घेतले. "कापूस येचताना म्हनते. शेळी याली त्या राती गोठ्यात म्हनला. मालक गेले त्या राती न्हाई झाला."

"मग?"

"मंग काय, दुसऱ्या दिशी म्हनला. एकदाच. दोनदा न्हाई."

मी काहीच बोलले नाही. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका, हे मी वॉर्डात कितीदा सांगितलं असेल! राहिलेलं भरून काढायच्या नादात पुढचंही बिघडतं, हे औषधाच्या बाबतीत मला पाठ होतं. या बाईनं ते वैधव्याच्या दुसऱ्या दिवशी पाळलं होतं.

टेम्पो वडजलजवळ आला. रिकामी जागा होती, ड्रायव्हर हाक मारत होता. आजीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, एकविसावा अभंग चालू होता. मी मान हलवून त्याला पुढे जायला सांगितलं.

फलटणचा तळ विमानतळाच्या माळावर, नुसता चिखल. तिची दिंडी आधी लागली. पिशवी माझ्या हातात देऊन ती पाया पडली, मी तिच्या पडले. नाव विचारायचं राहिलं, दोघीही एकमेकींना माउलीच म्हणत होतो. मी दहा-वीस पावलं गेले असेन, मागे त्यांच्या भजनाला सुरुवात झाली आणि सगळ्यांच्या वर तिचा आवाज लागला. खणखणीत, मोकळा. घशाला काहीही झालेलं नव्हतं.

त्या रात्री ओल्या सतरंजीवरून मावशीशी माझं भांडण झालं.

बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर. गोल रिंगणं झाली, धावा झाला. वाखरीत पाय ठेवायला जागा नव्हती. पंढरपुरात दर्शनाच्या रांगेत मी उभी राहिले नाही. चंद्रभागेत बुडी मारली, नामदेव पायरीवर डोकं ठेवलं, कळस बघितला. मावशी म्हणाली, पोचलं. मलाही पोचल्यासारखं वाटलं.

घरी आल्यावर मी हरिपाठ घड्याळातून काढून घेतला. आता तो ड्यूटीच्या आधी असतो, मग ड्यूटी सकाळची असो, दुपारची की रात्रीची. युनिफॉर्म चढवायच्या आत झाला पाहिजे, एवढंच. कधी लोकलमध्ये होतो, कधी चेंजिंग रूमच्या बाकावर. दहा मिनिटंच असतील तर जितके बसतील तितके अभंग, उरलेले ड्यूटी सुटल्यावर परतीच्या वाटेत, पुढच्या अंकापासून. मध्यंतरी एका रात्री अपघाताचे पेशंट आले आणि सकाळी मी उभ्या उभ्या झोपत होते. तो दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी एकदाच म्हटला. चालण्याचंही तसंच लावून घेतलंय, स्टेशन ते हॉस्पिटल रिक्षा नाही. पावसात अजून कंटाळा येतो आणि चार महिन्यांत मी काही साधू झालेले नाही, पण सुटलेलं परत धरायला आता सोमवार लागत नाही.

आषाढाच्या रजेचा अर्ज मी आत्ताच देऊन ठेवलाय. मावशीला सांगितलंय, पुढच्या वारीत फलटणच्या तळावर पोचल्यावर मला शोधू नकोस, मी हिंगोलीकडच्या दिंड्यांतून फिरत असेन. दिंडीचा नंबर ठाऊक नाही, पण भजन सुरू झालं की आवाज मला ओळखता येईल.