आधी संमतिपत्र, मग दीक्षा

इंग्लंडमध्ये मी विक्का या निसर्गपूजक, जादूविधी मानणाऱ्या आधुनिक धर्मावर संशोधन करते आणि तो पाळतेही. दोन्ही एकत्र जमतं, पण क्रम चुकला की दोन्हीकडे अडतं. विक्काच्या गार्डनेरियन परंपरेत, म्हणजे जेराल्ड गार्डनर यांनी सुरू केलेल्या शाखेत, दीक्षेआधी एक वर्ष आणि एक दिवस थांबायची प्रथा आहे. कागदपत्रं याच काळात उरकायची. दीक्षेत गुप्ततेची शपथ असते. ती घेतल्यावर प्रबंधासाठी परवानगी मागायला गेलात, तर शपथ मोडायचीच परवानगी मागितल्यासारखं होतं.

एथिक्स कमिटीकडून माझा पहिला अर्ज परत आला, कारण त्यात फक्त हाय प्रीस्टेसची, म्हणजे गटाच्या प्रमुख पुजारिणीची सही होती. कोव्हेन, म्हणजे एकत्र विधी करणारा विक्कांचा गट, लहान असतं, परंपरेने फार तर तेरा जणांचं, तरी प्रत्येकाची संमती वेगळी लागते. ब्रिटनच्या डेटा संरक्षण कायद्यात धर्मश्रद्धा ही खास जपायची माहिती आहे. नुसतं टोपणनाव पुरत नाही. एवढ्याशा गटात 'अमुक गावातली नर्स' म्हटलं की ओळख पटलीच. गाव आणि पेशा दोन्ही बदला. संमतिपत्रात तीन रकाने ठेवा: जसंच्या तसं छापता येईल ते, फक्त सारांशाने सांगता येईल ते, आणि अजिबात लिहायचं नाही ते. दीक्षाविधीचे शब्द आणि सदस्यांची क्राफ्टमधली, म्हणजे विक्कात घेतलेली नावं तिसऱ्यात.

विधीच्या वेळी वही-फोन बाहेर. झोपण्याआधी टिपणं लिहायचीच. सकाळपर्यंत क्रम विस्कटतो. आधी नऊ फुटांच्या रिंगणाचा नकाशा काढायचा, कोण कुठे उभं होतं ते. मग कृतींचा क्रम. बोललेले शब्द सगळ्यात शेवटी, कारण ते आठवताना आपण नकळत दुरुस्त करतो.

मराठीत विचार करणाऱ्यांना इथे एक खास धोका आहे. काळ्या मुठीचा अथामे (विधीचा सुरा) घेऊन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणाऱ्या बाईला पाहून हात आपोआप 'प्रदक्षिणा' लिहितो. प्रदक्षिणेत मधे देव असतो. इथे अथामेच्या टोकाने हद्द आखायची असते आणि माणसं तिच्या आत उभी असतात. केक आणि वाइनला 'प्रसाद' म्हणू नका: ते मंतरून वाटून घेतात, थोडा भाग राखून नंतर मातीला देतात. दिशांचीही गफलत होते. वास्तुशास्त्रात अग्नी आग्नेयेला, पाणी ईशान्येला. विक्कात पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी. टिपणात मूळ शब्दच ठेवा, मराठी अर्थ समासात लिहा.

इतिहासाबद्दल मात्र भीड नको. ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून चेटकिणींचा धर्म अखंड चालत आला, ही मार्गारेट मरे या अभ्यासिकेने १९२१ मध्ये मांडलेली कल्पना इतिहासकारांनी नाकारली आहे. ब्रिटनमधला जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, गार्डनर यांचं विक्कावरचं पुस्तक १९५४ मध्ये आलं. विक्का विसाव्या शतकात घडला, असं मी स्पष्ट लिहिते. माझ्या उपासनेला त्याने काहीही कमीपणा येत नाही.

मसुदा झाला की कोव्हेनला वाचायला द्यायचा. तथ्यातली चूक आणि शपथेत मोडणारा मजकूर त्यांनी खोडायचा. विश्लेषणाला हात लावायचा नाही. ही अट पहिल्याच संमतिपत्रात हवी. वाचायला मी तीस दिवस देते, आणि मधे साउइनसारखा (Samhain, ३१ ऑक्टोबरच्या सुमारास) विक्काचा मोठा सण येत असेल तर पंचेचाळीस.