गुबगुबीत अक्षरे आणि अडून बसलेली वेलांटी

सांगलीत भडंग विकणाऱ्याने पाटीवर सडपातळ, गंभीर अक्षरे लावावीत हे मला कधीच पटले नाही. म्हणून दुकानाच्या नव्या पाटीसाठी मी ‘मोदक’ हा फॉन्ट निवडला. मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेला हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य मिळतो आणि परवाना खुला असल्यामुळे धंद्यासाठीही चालतो. अक्षरे इतकी गुबगुबीत, की आतल्या मोकळ्या जागांच्या केवळ फटी उरतात. रोमन लिपीतील १९२२ सालच्या कूपर ब्लॅक या जाडजूड फॉन्टची जुनी मौज येथे देवनागरीत भेटते.

रंग आणि मापे ठरायला वेळ लागला नाही. अडले ते फ्लेक्स छापणाऱ्याकडे. तेथील संगणकावर ‘भडंग’ नीट उमटले, परंतु ‘चिवडा’ची पहिली वेलांटी ‘च’च्या मागून येऊन उजवीकडे बसली आणि ‘कृष्णाकाठची चव’ या ओळीतील ‘ष्णा’ फुटून ‘ष’खाली पायमोड दिसू लागली. “फॉन्टच खराब आहे, आमच्यातला घ्या,” हे उत्तर मी तेथे इतक्यांदा ऐकले, की शेवटी कारण स्वतःच शोधले. त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये अक्षरांचे तुकडे इंग्रजी कळांवर बसवलेले असतात आणि वेलांटी अक्षराच्या आधी टंकावी लागते. मोदक ज्या युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतावर चालतो, त्यात मात्र आधी ‘च’ आणि मग वेलांटी साठवली जाते. ती डावीकडे आणणे आणि जोडाक्षर जुळवणे हे काम सॉफ्टवेअरने फॉन्टमधील नियम वाचून करायचे असते. त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरला ते नियम वाचता येत नव्हते. हे समजावून सांगितल्यावरही “उद्या बघू” एवढेच मिळाले.

अखेर इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मी मजकूर स्वतः मांडला, ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ ही आज्ञा देऊन अक्षरांच्या आकृती केल्या आणि पीडीएफ नेऊन दिली. आकृतीला फॉन्ट लागतच नाही. वेलांटी जागेवर पाहून झालेला आनंद पाटी लागल्यावरही तेवढा झाला नाही, हे मान्य करतो.

मोदक एकदोन शब्दांसाठीच, आणि तोही मोठ्या आकारात वापरावा. त्याला जाड किनार देऊ नये, फटी बुजतात. त्याच कारणाने पाकिटावरील घटकांची बारीक ओळ मी ‘मुक्ता’ या फॉन्टमध्ये घेतली आणि पाटीवरची खालची ओळ ‘बलू २’ या फॉन्टमध्ये, कारण त्यात ४०० (साधी) ते ८०० (खूप जाड) असे जाडीचे पर्याय आहेत. पाटीवर इंग्रजी नावही हवे असेल तर महाराष्ट्राच्या दुकाने-आस्थापना कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार मराठी नाव आधी हवे आणि त्याची अक्षरे इंग्रजीहून लहान नसावीत.

आणखी एक, आकृती करण्यापूर्वीची फाइल वेगळी जपून ठेवावी. एकदा आकृती झाल्या, की त्यांत साधा अनुस्वारही टंकून दुरुस्त करता येत नाही.