टोपी घातली की केसांचं काय करायचं?

कोझी, म्हणजे निवांत, ऑनलाइन गेममध्ये खेळाडूला सजायला काय काय द्यायचं, हे ठरवताना पहिली बनते ती यादी. तीस केशरचना, चाळीस टोप्या, साठ झब्बे-कुडते. पण खर्च यादीत नसतो, जोड्यांमध्ये असतो. ३० केशरचना आणि ४० टोप्या म्हणजे १,२०० जोड्या, आणि त्यातल्या कितीतरी जोड्यांत टोपी फाडून केसांची बट वर आलेली दिसते. त्या एकेक करून दुरुस्त करायला बसलात, तर पुढच्या महिन्यात एक टोपी वाढली की पुन्हा तीस जोड्या समोर.

म्हणून जोड्या दुरुस्त करायच्या नाहीत, प्रकार ठरवायचे. टोप्यांचे तीन पुरतात. एक, नुसती वर बसणारी: फुलांचा गजरा, मुकुट, हेअरबँड, केस जसेच्या तसे राहतात. दोन, माथा झाकणारी: गांधी टोपी, फेटा, लोकरीची टोपी, कानाच्या वरचे केस काढून टाकायचे, खालचे ठेवायचे. तीन, सगळं झाकणारी: रेनकोटचं टोपडं, हेल्मेट, केस पूर्ण लपवायचे. प्रत्येक केशरचनेचे दोन मेश (त्रिमितीय आकृत्या) करायचे, एक पूर्ण आणि एक कानापासून खालचा. १,२०० तपासण्यांच्या जागी ३० जादा मेश. कापण्याची रेघ मात्र सगळ्या केसांसाठी एकच ठेवा, आणि माथा झाकणाऱ्या प्रत्येक टोपीची कड त्या रेघेच्या थोडी खाली येऊ द्या. नाहीतर मागून पाहिलं की टोपी आणि केस यांच्यामध्ये टकलाची पट्टी दिसते.

अंगावरच्या कपड्यांनाही हाच न्याय. प्रत्येक कपड्यासोबत दोन गोष्टी नोंदवायच्या: तो कोणते स्लॉट (डोकं, पाठ अशा वस्तू घालायच्या जागा) व्यापतो आणि शरीराचे कोणते भाग लपवतो. शरीराचे १२ ते १६ तुकडे करून ठेवले (दंड, मनगटापर्यंतचा हात, छाती, पोट, मांडी, पोटरी वगैरे) की पूर्ण बाह्यांच्या सदऱ्याखालचा हात काढलाच जात नाही, आणि जे नाहीच ते कोपर वाकवल्यावर कापडातून बाहेर तरी कसं येणार? फक्त लपवलेला भाग कापडाच्या कडेच्या आत थोडा थांबवा. कडेपर्यंत लपवला तर बाहीत डोकावल्यावर हाताच्या जागी पोकळी दिसते.

साडीचं उदाहरण घ्या, कारण इथे अंदाज हमखास चुकतो. नऊवारी अवघड आणि सहावारी सोपी असं वाटतं. रिगिंगला, म्हणजे हालचालीसाठी आकृतीत सांगाडा बसवताना, नेमकं उलट आहे. नऊवारीला काष्टा असतो, दोन्ही पाय वेगळे, त्यामुळे पायांचे वेट्स (कोणतं हाड कुठला भाग किती हलवतं याचे आकडे) पँटसारखेच कापडावर उतरवता येतात. सहावारी म्हणजे नळी. कॅरॅक्टर बाकावर बसलं की दोन्ही गुडघे निऱ्यांतून बाहेर. तिला कंबरेभोवती ६ ते ८ जादा बोन (सांगाड्यातली हाडं) लागतात, आणि मांडी वर आली की पुढच्या बोननी तिच्याबरोबर उठायचं असा नियम. पदराला तीन-चार बोनची वेगळी साखळी, शिवाय पदर पाठीवर येतो म्हणून पाठीचा स्लॉटही त्याने व्यापला असं नोंदवायचं. ते राहिलं तर कोणीतरी साडीवर दप्तर लावणारच, आणि पदर दप्तराच्या आरपार जाणार.

आता रंग. एका कपड्यात मुख्य रंग, दुय्यम रंग आणि काठ असे तीन भाग मास्क टेक्श्चरच्या (कुठे कोणता रंग भरायचा हे सांगणाऱ्या नकाशाच्या) लाल, हिरव्या, निळ्या चॅनेलमध्ये ठेवायचे आणि शेडरने (पडद्यावर रंग काढणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) रंग भरायचा, ही सर्वमान्य पद्धत. हे मास्क एसआरजीबी (पडद्यावरच्या चित्रांची रंगपद्धत) म्हणून आयात करू नका. ती चित्रं नाहीत, आकडे आहेत. खरी गडबड पुढे होते. करड्या कापडावर रंग गुणला की सावलीत तोच रंग काळा मिसळून उतरतो. निळ्याला ते खपतं. हळदी पिवळ्याची सावली मात्र शेवाळी, मळकी होते, नवं कापड ओलं राहून कुजल्यासारखं. म्हणून प्रत्येक रंगाला स्वतःची तीन ते पाच छटांची पट्टी द्यायची: पिवळ्याची सावली नारिंगी-तपकिरीकडे, पांढऱ्याची फिकट निळीकडे. सगळ्या पट्ट्या एका छोट्या टेक्श्चरमध्ये एकाखाली एक ठेवल्या की कपड्याला फक्त ओळीचा क्रमांक सांगावा लागतो.

रंगचक्र उघडं ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. २४ ते ३२ निवडलेले रंग पुरतात. संध्याकाळच्या उजेडात ते कसे दिसतात हे तपासता येतं आणि पुढे पट्टी सुधारली की सगळ्यांचे कपडे आपोआप सुधारतात. त्वचेची पट्टी वेगळी हवी. गुगलने २०२२ मध्ये खुली केलेली मंक स्किन टोन ही १० छटांची मोजपट्टी सुरुवातीला चांगली. तपासणी सर्वांत गडद छटेपासून करा, कारण रात्रीच्या दृश्यात नाक आणि ओठ आधी तिथेच हरवतात. गालांची लाली एकच गुलाबी ठेवली तर सावळ्या गालावर खडू फासल्यासारखी दिसते. ती त्वचेच्या रंगावरून काढावी.

नेटवर्कवर यातलं फारच थोडं जातं. १२ स्लॉट, प्रत्येकी वस्तूचा क्रमांक २ बाइट आणि तीन रंग ३ बाइट, एकूण ६० बाइट. चेहरा आणि आवृत्ती क्रमांक धरून ७०च्या आसपास. खेळाडू आला की एकदा आणि कपडे बदलले की एकदा पाठवायचं. वस्तू त्याच्या मालकीची आहे का, हे सर्व्हरने पाहायचं. काढून टाकलेल्या वस्तूचा क्रमांक पुन्हा कधीही वापरायचा नाही, आणि अनोळखी क्रमांक आला तर साधा सदरा दाखवायचा. नाहीतर ज्याने अपडेट घेतलं नाही त्याला चौकात अर्धी मंडळी उघडी दिसतील.

खेळाडूंना स्वतः नक्षी काढू द्यायची असेल तरी आकार छोटा ठेवता येतो. ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ या कोझी गेममध्ये ३२ × ३२ चौकटी, १५ रंग आणि एक पारदर्शक. चौकटीला ४ बिट, म्हणजे अख्खी नक्षी ५१२ बाइट. महाग असते ती देखरेख. तक्रारीचं आणि ‘इतरांच्या नक्ष्या लपवा’चं बटण पहिल्या दिवसापासून हवं. त्याच गेममधली दुसरी गोष्ट उचलण्यासारखी: सुरुवातीला निवडलेलं रूप नंतर आरशासमोर केव्हाही फुकट बदलता येतं. पहिल्या पडद्यावर चार-पाच निवडींपेक्षा जास्त मागू नका, बाकी आरशावर सोडा.

नाव हाही पेहरावच, आणि मराठी नावं इथेच मार खातात. मर्यादा १६ बाइटची असेल तर देवनागरीची पाचच चिन्हं बसतात, कारण यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकाला ३ बाइट लागतात. ‘ज्ञानेश्वरी’चं मग ‘ज्ञान’ एवढंच उरतं. मर्यादा डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांवर लावा: ज्ञा, ने, श्व, री, चार. आणि अदृश्य चिन्हं गाळताना झिरो विड्थ जॉइनर हे अक्षरांची जोडणी ठरवणारं चिन्ह सरसकट उडवू नका. काही कीबोर्ड ‘ऱ्ह’ त्याच्याच साहाय्याने लिहितात, तो उडवला की ‘कुर्‍हाडे’चं ‘कुर्हाडे’ होतं.

‘काहीही निवडा’ हे बटण शुद्ध लॉटरीवर चालवलं तर विदूषकच बाहेर पडतात. आधी जुळणाऱ्या रंगांच्या २०-३० त्रयी करून ठेवा, त्यातली एक उचला, मग कपडे. प्रत्येक स्लॉटला कुलूप द्या, म्हणजे आवडलेले केस हातचे जात नाहीत.

हेच बटण तपासणीलाही जुंपता येतं. रोज रात्री ५०० कॅरॅक्टर बनवायची, प्रत्येकाला बाकावर, जमिनीवर मांडी घालून, झारीने पाणी घालताना आणि गळ टाकताना उभं करायचं, आणि फोटो एका पानावर वीस-वीस लावायचे. सकाळच्या चहासोबत पानं उलटली की बाहेर आलेली बट लगेच नजरेत भरते. बहुतेक वेळा दोष त्या जोडीचा नसतोच. कुणीतरी माथा झाकणारी टोपी ‘वर बसणारी’ म्हणून नोंदवलेली असते. तो एक आकडा बदलला की तीसच्या तीस जोड्या जागच्या जागी सुधारतात.