आठी, वांग आणि गालफड: चेहऱ्याच्या उपचारांची निवड, माझा अनुभव

सकाळी चेहरा धुवायचा आणि हातात आरसा घेऊन खिडकीशी बाजूनं बसायचं, म्हणजे उजेड एका गालावरून तिरपा पडतो. बाथरूममधल्या समोरच्या दिव्यात सुरकुत्या पुसल्यासारख्या होतात, त्यामुळे तिथला आरसा या कामाचा नाही. मी उपचारांची निवड या खिडकीपासून केली आणि क्लिनिकमध्ये नंतर गेले. पुण्यात औंध-बाणेर असो की कोरेगाव पार्क, आत गेल्यावर हातात येतं ते दरपत्रक: बोटॉक्स, फिलर, पील, लेझर, हायफू. त्यावर उपचारांची नावं असतात, आपल्या चेहऱ्यात काय बिघडलंय ते नसतं. यातला प्रत्येक उपचार चेहऱ्याच्या ठरावीक थरावर चालतो. थर चुकला तर पैसे जातात, आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर डागही पडतात.

आरशात चार गोष्टी तपासायच्या. चेहरा सैल सोडून बघायचं, मग भुवया आवळायच्या, उंच करायच्या, हसायचं. रेघ फक्त हालचालीत दिसत असेल तर कारण खालचा स्नायू. चेहरा सैल असतानाही ती दिसत असेल तर त्वचेतच घडी बसली आहे. स्नायू शिथिल केल्यानं ती सौम्य होईल, पूर्ण जाईलच असं नाही. मग पाठीवर झोपून आरसा तोंडावर धरायचा. नाकाच्या बाजूची घडी आणि जबड्यावरचं ओघळलेपण झोपल्यावर कमी झालं, तर तो दोष वरच्या त्वचेचा नसून खालच्या चरबीचा आणि आधाराचा आहे. त्यावर कुठलीही क्रीम चालत नाही. तिसरं, गालाची कातडी बोटांनी हलकेच ताणायची. बारीक सुरकुत्यांची जाळी ताणल्यावर नाहीशी झाली तर त्वचा पातळ झाली आहे, तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, म्हणजे कोलॅजन, कमी झालंय. चौथा रंग. गालाच्या हाडांवर आणि वरच्या ओठावर, दोन्हीकडे सारखा तपकिरी पट्टा असेल तर तो बहुधा वांग. हे सगळं बघताना त्याच खिडकीशी, त्याच वेळी, समोरून, तिरपा आणि बाजूनं असे तीन फोटो काढून ठेवायचे. तीन महिन्यांनी फरक पडला की नाही हे आठवणीवर ठरवता येत नाही.

माझं वय ५२, पाळी थांबून दोन वर्षं झालेली. पाळी थांबल्यावर पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं सुमारे ३० टक्के कोलॅजन जातं, म्हणून या काळात चेहरा एकदम उतरल्यासारखा वाटतो. माझ्या यादीत तीन गोष्टी निघाल्या: गालांवर वांग, भुवयांमधली आठी, आणि सगळीकडे बारीक जाळी. गालफडं थोडी उतरलेली होती, पण चेहरा मुळात बारीक. ही यादी घेऊन मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. जाण्याआधी त्यांची पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक पाहून घेतला. त्याआधी एका ठिकाणी मला डॉक्टरांच्या आधी काउन्सेलर भेटली होती. तिनं चेहरा न बघताच ‘मॅडम, आजच्या आज बुक केलंत तर सहा सिटिंगचं पॅकेज’ म्हटलं, तेव्हा मी उठले. सहा सिटिंग लागतील की दोन, हे पहिल्या सिटिंगनंतरच कळतं.

डॉक्टरांनी पहिले १२ आठवडे कुठलीही सुई किंवा मशिन नाही असं सांगितलं, आणि ते अगदी बरोबर होतं. सकाळी सनस्क्रीन, रात्री ट्रेटिनॉइन (व्हिटॅमिन ए गटातली, डॉक्टर लिहून देतात ती क्रीम), बस्स. रोजच्या सनस्क्रीननं नुसता काळेपणा नाही तर वय दिसणंही लांबतं, याचा चांगला पुरावा ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूरमध्ये झालेल्या अभ्यासात आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ५५ वर्षांखालच्या लोकांपैकी रोज लावणाऱ्यांच्या त्वचेचं म्हातारपण साडेचार वर्षांत २४ टक्के कमी दिसलं. पुण्यात स्कूटरवर तोंडाला स्कार्फ गुंडाळला की काम झालं असं आपण धरून चालतो. पण पातळ ओढणीतून ऊन आत येतं, आणि डोळ्यांभोवतीचा भाग तर उघडाच राहतो. गाडीच्या बाजूच्या काचेतूनही यूव्हीए किरण येतात, आणि सुरकुत्या पाडतात ते हेच. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं सनस्क्रीन लागतं. बहुतेक जणी त्याच्या निम्मंही लावत नाहीत. वांग असेल तर रंगछटा असलेलं, म्हणजे आयर्न ऑक्साइड घातलेलं घ्या. दिसणाऱ्या उजेडानंही वांग गडद होतो, आणि साधं सनस्क्रीन तो उजेड अडवत नाही.

ट्रेटिनॉइन ०.०२५ टक्के. रात्री चेहरा धुतल्यावर २० मिनिटं पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, कारण ओल्या त्वचेवर जळजळ वाढते. संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं: कपाळ, दोन गाल, नाक आणि हनुवटीवर ठिपके देऊन पसरवायचं. नाकपुडीच्या खाचा, ओठांचे कोपरे आणि पापण्या सोडायच्या, नाहीतर सालं आधी तिथेच निघतात. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा, मग एक दिवसाआड, सोसलं तर रोज. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात चेहरा सोलवटतो आणि तिथे बऱ्याच जणी सोडून देतात. उरलेल्यांतल्या काही जणी लवकर फरक पडावा म्हणून जास्त लावतात. जास्त लावल्यानं परिणाम लवकर येत नाही, फक्त दाह वाढतो, आणि आपल्या त्वचेत दाह जिथे होतो तिथे मागे काळा डाग राहतो. म्हणून भगभगायला लागलं की तीन रात्री बंद, नुसतं मॉइश्चरायझर. या काळात लिंबू, स्क्रब, ब्लीच काहीही नको. दिवाळीच्या अभ्यंगाला उटणं अंगाला लावा, चेहरा वगळा. त्या भरडपणानं ट्रेटिनॉइनवरची त्वचा सोलपटते. गरोदरपणात किंवा मूल हवं असताना हे औषध वापरायचंच नाही.

इथे एका गोष्टीवर मला थांबायचंच आहे. वांगावर म्हणून मेडिकलच्या दुकानात सहज हाती पडणाऱ्या पुष्कळ ट्यूबांमध्ये हायड्रोक्विनोन (डाग फिका करणारं औषध) आणि ट्रेटिनॉइनच्या जोडीला मोमेटासोनसारखं स्टेरॉइड असतं. दोन-तीन आठवड्यांत चेहरा उजळतो, सगळे विचारतात काय लावतेस, आणि ट्यूब महिनोन् महिने चालू राहते. मग त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसतात, पुटकुळ्या आणि लव येते, आणि बंद केली की चेहरा पेटतो. डॉक्टर अशी क्रीम मोजक्या आठवड्यांसाठी देतात, तेवढीच ती वापरायची. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा, आणि शेजारणीची ट्यूब घेऊ नका. चेहरा असा स्टेरॉइडवर असेल तर आधी ते डॉक्टरांच्या देखरेखीत सुटायला हवं; त्यावर पील (आम्ल लावून वरची त्वचा सोलणं) किंवा लेझर करणं म्हणजे भाजलेल्यावर चटका.

आठीसाठी मी बोटॉक्स, म्हणजे स्नायू शिथिल करणारं इंजेक्शन घेतलं, कारण ती हालचालीची होती. औषध कोरड्या रूपात येतं आणि २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. बाटली माझ्यासमोर फ्रीजमधून काढून फोडायला मी सांगितलं, मुदत पाहिली आणि बॅच क्रमांकाचा फोटो काढून ठेवला. १०० युनिटच्या बाटलीत २.५ मिलिलिटर सलाइन घातलं की ०.१ मिलिलिटरमध्ये ४ युनिट येतात. आठीला पाच टोचे, प्रत्येकी ४, म्हणजे २० युनिट. भाव ‘एरिया’वर न विचारता युनिटवर विचारा, जीएसटी धरून की वेगळा तेही विचारा, आणि ब्रँड लिहून घ्या. वेगवेगळ्या ब्रँडची युनिटं सारखी नसतात, त्यामुळे एकीचे २० आणि दुसरीचे ५० यांची तुलना होत नाही. नंतर चार तास आडवं व्हायचं नाही, जागा चोळायची नाही, त्या दिवशी व्यायाम नाही. हेल्मेटचा कपाळावर दाब नको म्हणून मी रिक्षानं गेले-आले. परिणाम तीन-चार दिवसांत सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो, तीन ते चार महिने टिकतो. दोन आठवड्यांच्या आत ‘अजून थोडं टाका’ म्हणायचं नाही.

कपाळावरच्या आडव्या रेघांना मात्र मी हात लावू दिला नाही. पापण्या जड झाल्या की आपण नकळत कपाळाच्या स्नायूनं भुवया उचलून धरतो. तो स्नायू शिथिल केला की भुवया खाली बसतात आणि डोळे थकल्यासारखे दिसतात. पन्नाशीनंतर बोटॉक्सबद्दल जी नाराजी ऐकू येते त्यातली बरीच इथली असते. औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूत उतरलं तर पापणी काही आठवडे लोंबते. ती परत येते, पण तोवर धीर धरावा लागतो. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असेल, गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर हे घ्यायचं नाही. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा, पण आपल्या मनानं बंद करू नका.

फिलर, म्हणजे त्वचेखाली भरायचं जेल, मी नाकारलं. एक सिरिंज म्हणजे १ मिलिलिटर, छोट्या चमच्याचा पाचवा भाग. खोलगट झालेल्या जागी ते भर घालतं. ओघळलेली गालफडं उचलायची म्हणून भरत गेलं की चेहरा जड आणि फुगलेला होतो. घ्यायचंच असेल तर हायल्युरोनिक ॲसिडचं घ्या, कारण ते हायल्युरोनिडेजनं विरघळवता येतं, आणि ते औषध क्लिनिकमध्ये आत्ता हजर आहे का हे आधी विचारा. जेल रक्तवाहिनीत गेलं तर कातडी पांढरी पडते, मग जाळीदार निळसर होते, दुखतं, क्वचित दृष्टीही जाते. तेव्हा उद्यापर्यंत थांबायचं नसतं.

हायफू, म्हणजे ध्वनिलहरींच्या उष्णतेनं आतून कातडी आवळणारं मशिन, बारीक चेहऱ्याला नको, खालची चरबी आणखी उतरू शकते. कार्बन डायऑक्साइड लेझर जाळीवर चालतं, पण आपल्या त्वचेत नंतरच्या काळ्या डागांचा धोका मोठा, आणि वांगावर तर नकोच. सुयांमधून रेडिओफ्रिक्वेन्सी देणारं मशिन त्यामानानं आपल्याला बरं, कारण उष्णता रंगाच्या थराखाली सोडली जाते. जाळी उरली तर वर्षभरानं त्याचा विचार करायचं ठरवलंय.

पील पावसाळ्यासाठी राखून ठेवलं, कारण एप्रिल-मेच्या पुण्याच्या उन्हात सोललेली त्वचा पुन्हा काळवंडते. आधी कानामागे चाचणी झाली. आठवडाभर ट्रेटिनॉइन, थ्रेडिंग, वॅक्सिंग बंद. नाकाच्या, डोळ्यांच्या आणि ओठांच्या कोपऱ्यांना व्हॅसलीन. मग २० टक्के ग्लायकोलिक ॲसिड दोन मिनिटं, आणि वर सोड्याचं पाणी. ग्लायकोलिक असं निष्प्रभ केल्याशिवाय आत जात राहतं. कातडी गुलाबी झाली की थांबायचं, पांढरी पडेपर्यंत नाही. दर तीन आठवड्यांनी थोडा वेळ आणि थोडी तीव्रता वाढवायची. खपली हातानं काढली तर डाग ठरलेलाच. जूनच्या मध्यापासून मोजून चौथं पील गणपतीच्या दोन आठवडे आधी संपवलं, कारण उकडीच्या मोदकांच्या वाफेपुढे तासभर उभं राहणं ताज्या सोललेल्या गालांना सोसत नाही, आणि वांग तर उष्णतेनंही गडद होतो.