फोन कशासाठी घेतला होता?

मेसेजला दुसऱ्या दिवशी उत्तर देणारी बाई अशी माझी ख्याती आहे. त्यावरून बऱ्याच जणांनी गृहीत धरलंय की मी भलतीच शांत असणार. ‘ध्यान वगैरे करता का हो?’ हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

केलं होतं. एका ॲपवर. रोज दहा मिनिटं डोळे मिटायचे आणि श्वासाकडे लक्ष द्यायचं. सलग एकोणीस दिवस जमलं. विसाव्या रात्री साडेअकराला, अर्धवट झोपेत, उशाशी फोन थरथरला: आज तुमचं ध्यान राहिलंय, साखळी तुटेल! मी धडपडत उठून बसले आणि बारा वाजायच्या आत मनःशांती उरकली. सकाळी ॲप काढून टाकलं.

त्या नादात एक शब्द मात्र हाती लागला. ‘माइंडफुलनेस’ म्हणजे सजगता, म्हणून जे आज सगळीकडे फिरतं, ते मूळ बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेतलं ‘सति’. पालीचे इंग्रज अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये त्यासाठी हा इंग्रजी शब्द वापरला. पुढे १९७९ मध्ये जॉन कबात-झिन या संशोधकांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी त्यावर उपक्रम सुरू केला आणि शब्द दवाखान्यात पोचला. पण ‘सति’ म्हणजे संस्कृतातली ‘स्मृती’. आठवण! मन रिकामं करा, असं त्या शब्दात कुठेच नाही. मला तर हायसंच वाटलं.

कारण माझा रोग विसरण्याचा. पाऊस आहे का बघायला फोन घ्यायचा, आणि चाळीस मिनिटांनी कुणा अनोळखी माणसाच्या मांजराचं ऑपरेशन कसं झालं हे मला तपशीलवार ठाऊक. छत्री न्यायची की नाही, ते विचारू नका. यात सगळा दोष माझाच, असंही नाही. पूर्वी स्क्रीनवरचं पान संपायचं. ‘पुढील’ दाबायला बोट थांबायचं आणि त्या थांबण्यात भान यायचं, अरे, आपण काय शोधत होतो? ॲझा रास्किन या सॉफ्टवेअर रचनाकारांनी २००६ मध्ये न संपणारं स्क्रोल रचलं आणि ती फट बुजली. पुढे त्यांनी स्वतःच त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. आमचा अंगठा सरकतोच आहे.

मी ती फट पुन्हा पाडून घेतलीय, इतकंच. घरात फोन दाराजवळच्या कपाटावर असतो. माझ्या खुर्चीपासून आठ पावलं. उठायचं, तर आधी काय हवंय ते मोठ्याने म्हणायचं. ‘बिल भरायचंय.’ ‘ताईला फोन.’ कित्येकदा तोंड उघडते आणि म्हणायला काहीच सापडत नाही. मग तशीच बसते. त्या बसण्यात सुख असतं असं समजू नका. पहिले काही आठवडे हाताला नुसती खाज सुटायची. मेसेज बघते ते उत्तर द्यायला सवड असेल तेव्हाच, म्हणून उशीर. संध्याकाळी दमून आले की हे सगळे नियम धाब्यावर बसतात, हेही सांगून ठेवते.

सवय मात्र अंगवळणी पडलीय. परवा लिफ्टमध्ये पर्समध्ये हात घालता घालता तोंडातून निघून गेलं, ‘वेळ बघायचीय.’

शेजारच्या गृहस्थांनी मनगटावर नजर टाकली. ‘सव्वानऊ,’ ते म्हणाले.

मी हात रिकामाच बाहेर काढला.